सतरा नंबरचा अर्ज

पत्र जेमतेम दीड ओळीचं होतं, आणि ते वाचून ती चहाचा कप हातात तसाच धरून बसली. "मी आता थांबतो. क्षमा असावी. चांगला माणूस शोधा." बस्स. खाली नेहमीची सही. पत्र इंग्रजीत होतं, पण तिनं ते मनात घरच्या भाषेत वाचलं. दमलेली असली की तिला सगळंच घरच्या भाषेत ऐकू यायचं, आणि घरच्या भाषेत 'थांबतो' की 'थांबते' हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. अकरा वर्षांपूर्वी पहिलं पत्र आलं तेव्हाच तिनं 'थांबतो'च्या बाजूनं कौल दिला होता. कोरियन नावावरून तिला काहीच उमगलं नव्हतं. पण पत्रातला तो आदबशीर पसारा, आधी हवामान, मग तब्येतीची चौकशी, मग क्रमांक घालून विचारलेल्या वीस-बावीस शंका, हे वाचता वाचता तिच्या डोळ्यांसमोर एक उंच, किंचित वाकलेला, स्वेटर घातलेला माणूस येऊन उभा राहिला होता आणि तो मग हललाच नाही. त्या माणसाला दीड ओळ लिहिणं शक्य नव्हतं. नाही म्हणायलासुद्धा त्याला एक अख्खं पान लागायचं.

ती ज्या प्रकाशनात काम करायची तिथे लहान मुलांची चित्रांची पुस्तकं निघत. मूळ पुस्तक इंग्रजीत तयार व्हायचं, मग तीच चित्रं ठेवून दहा भाषांत मजकूर बदलायचा, आणि त्या त्या देशात ती रवाना व्हायची. त्या दहा भाषांसाठी घरी बसून काम करणारे भाषांतरकार शोधणं, त्यांना धरून ठेवणं, त्यांच्या मागे लागणं आणि ते सोडून गेले की पुन्हा शोधणं, हे तिचं काम. दहापैकी एकही भाषा तिला वाचता येत नव्हती. छापून आलेल्या पुस्तकावरून ती हात फिरवायची, चित्रं बघायची आणि कपाटात ठेवून द्यायची. ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत, आणि हिशेबाच्या टेबलावरचा एकजण अधूनमधून म्हणायचा, "ताई, तुम्ही लग्नं जमवायला लागा. इतक्या दूरच्या माणसांची गाठ घालून देता, जवळची तर डाव्या हातानं जमतील." ती हसायची. पंचविशीत असं कुणी म्हटलं असतं तर ती बाथरूममध्ये जाऊन रडली असती. आता नुसती हसायची, आणि हसून झाल्यावर गाल दुखायचे.

कोरियनसाठी मात्र तिनं अकरा वर्षांत कधी कुणाला शोधलं नव्हतं. एकतीस पुस्तकं त्या एका माणसानं केली होती. बत्तिसावं त्याच्याकडे गेलं होतं ते एका पाणमांजराच्या पिल्लाचं, ज्याचे वडील पुरात वाहून जातात. मुलांना मरण समजावून सांगायची पुस्तकं हल्ली खपतात, असं छोटे साहेब म्हणायचे. छोटे साहेब म्हणजे मालक. त्यांचे वडील जाऊन सात वर्षं झाली तरी ते छोटेच राहिले होते. तिनं मोबाइलवर ते पत्र दाखवलं तेव्हा त्यांनी ते वाचायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात मोबाइल परत दिला. "आजारी असेल. म्हातारा झाला असेल. दुसरा बघा. तीन आठवड्यांत फाइल छपाईला जायला हवी, ताई, तिकडची पुस्तकजत्रा काही आपल्यासाठी थांबणार नाही." तिला म्हणायचं होतं की हे पत्र त्याचं नाहीये, काहीतरी झालंय. पण ते म्हणायला पुरावा काय, तर पत्रात हवामान नाही. ती म्हणाली, "बघते."

तिनं जाहिरात टाकली. इंग्रजीतून कोरियनमध्ये, बालसाहित्य, घरबसल्या काम, नमुन्यादाखल सोबतचं एक पान करून पाठवावं. चार दिवसांत त्रेचाळीस अर्ज आले. इतकी माणसं जगात मोकळी बसलेली असतात, याचं तिला दर वेळी नव्यानं आश्चर्य वाटायचं आणि मग भीती वाटायची. कुणी सोळा भाषा येतात म्हणून लिहिलं होतं. कुणी यंत्रांच्या माहितीपुस्तिका केल्या होत्या, बॉयलर आणि लिफ्ट, आणि आता 'हृदयाचं काही करायची इच्छा आहे' म्हणत होता. एकीनं स्वतःचा बाळासकट फोटो जोडला होता. एकानं नमुन्याचं पान जाहिरात आल्यापासून चौथ्या मिनिटाला परत पाठवलं होतं. ते कशानं केलं असणार हे कळायला कोरियन यायची गरज नव्हती. ती एकेक अर्ज उघडायची, तक्त्यात नंबर घालायची, आणि दुपारपर्यंत तिचे डोळे असे व्हायचे की खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचे मजलेसुद्धा तिला ओळीच वाटत. घरी जाताना ती वाटेत भाजी घ्यायची तेव्हा भाजीवाल्यानं पुढे केलेले टोमॅटो ती बघायची आणि तिच्या मनात यायचं, याचा नमुना बरा आहे, अनुभव कमी. घरी ती एकटीच. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला, रविवारी सकाळी फोन करायचा. जेवलीस का, गुडघा कसा आहे, गॅस आला का. तीही विचारायची. दोघं एकमेकांना नमुन्याचं पान करून पाठवत असल्यासारखी बोलायची, चूक एकही नाही. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ पडद्याच्या कडेची निघालेली शिवण बोटानं दाबत बसायची, आणि उठताना काय करायला उठलो ते विसरायची.

त्रेचाळीसातून तिनं कसेबसे बारा निवडले. निवडले म्हणजे कशावरून, तर पत्रांवरून. ज्यानं पाणमांजराचं नाव काय ठेवायचं असं विचारलं होतं त्याला एक खूण, ज्यानं मानधन आधी विचारलं होतं त्यालाही एक खूण, कारण तोही माणूसच. नावं झाकून, नुसते नंबर घालून तिनं पानं छापली आणि कप्तानाकडे गेली. कप्तान कधी जहाजावर चढलेला नव्हता. तो एका जहाज कंपनीत कारकून होता आणि त्या नोकरीत बावीस वर्षं कोरियात राहून आला होता. आता ऐंशीच्या घरात होता, पायावर शाल घेऊन गॅलरीत बसायचा, आणि ती आणेल ती कोरियन पानं तपासून द्यायचा. त्याची बायको दार उघडताना म्हणाली, "आलीस का, बरं झालं. सकाळपासून माझ्याशी भांडतायत, आता तुझ्याशी भांडतील."

"दे इकडे," कप्तान म्हणाला. त्यानं पहिलं पान नाकाजवळ धरलं. "हे यंत्रानं केलंय." दुसरं. "हेही. पण नंतर हातानं पुसलंय, म्हणजे जास्त लबाड." तिसऱ्यावर तो बराच वेळ थांबला आणि तिला आशा वाटली. "हे एवढं गोड आहे, की ठेवलंस तर मुंग्या लागतील. मूल वाचणार आहे ना गं हे? मुलांशी असं बोललं की मुलं पळून जातात." चौथा सरकारी नोटिशीसारखा लिहितो. नववा बरा आहे पण त्याला इंग्रजीची भीती वाटते, शब्दाला शब्द धरून भिंतीच्या कडेकडेनं चालतो. एकोणतीस नंबरचं पान त्यानं बाजूला ठेवलं. "हे चालेल. चूक नाही कुठे. शिकलेला माणूस आहे." ती ऐकत होती आणि आत कुठेतरी पेंगत होती. गॅलरीच्या कठड्यावर एक पालीचं पिल्लू होतं, ते ऊन सरकेल तसं सरकत होतं, आणि तिला वाटलं आपणही असंच, जिथे काम सरकेल तिथे. मग तिला कळलं की कप्तान बोलायचा थांबलाय. त्याच्या हातात सतरा नंबर होतं. त्यानं ते एकदा मनात वाचलं, मग ओठ हलवत वाचलं, मग मोठ्यानं वाचलं. तिला एक अक्षर कळलं नाही, पण आवाज कुठे धडपडला नाही एवढं कळलं.

"काकूंना बोलव," तो म्हणाला. काकू आली, ओले हात पुशीत. त्यानं तिलाही वाचून दाखवलं. काकूनं बावीस वर्षं तिथल्या बाजारात घासाघीस केलेली होती. ती म्हणाली, "हे तर आपल्या त्यांचंच आहे की. दर वेळी आणते ती पुस्तकं करणाऱ्याचं."

"तेच म्हणतोय मी," कप्तान म्हणाला. "हा माणूस वाक्य कसं संपवतो बघ. झोपलेलं मूल जागं होऊ नये म्हणून दाराला हळूच कडी घालतात ना, तसं. अकरा वर्षं वाचतोय मी याला. तू मला फसवतेस का गं? जुनंच पान दिलंस मध्ये घालून?"

तिनं पिशवीतून तक्ता काढला. सतरा नंबरवर नाव वेगळं होतं, पत्ता वेगळा नव्हता. पत्ता बघायचं तिला सुचलंच नव्हतं. त्रेचाळीस पत्ते कोण बघतो. लिंग या रकान्यात स्त्री असं होतं. अर्जातलं इंग्रजी मोडकंतोडकं होतं. "मी चाळीस वर्षं वाचते. मी लिहिते. मला काम द्या. मी हळू पण नीट." शिक्षण या रकान्यात काही नव्हतं. अनुभव या रकान्यात एकतीस हा आकडा होता, पुढे काहीच नाही. तिनं तो आकडा वय समजून सोडून दिला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं फोन लावला. अकरा वर्षांत तिनं हे कधी केलं नव्हतं. भाषांतरकार हा पत्रातून यायचा आणि पत्रातूनच जायचा. ऑफिसातल्या छोट्या बैठकीच्या खोलीत, जिथे बहुतेक मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या असत, तिथे ती दार लोटून बसली. पलीकडून बाईचा आवाज आला, म्हाताऱ्या बाईचा, जरा खरखरीत. दोघींचंही इंग्रजी उसनं, त्यामुळे बोलणं एकेक वीट रचल्यासारखं चाललं. मी प्रकाशनातून बोलतेय, असं तिनं सांगितल्यावर पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"तुम्हाला कळलं," बाई म्हणाली.

"काय कळलं?"

"नवरा इंग्रजी. मी कोरियन." मग तिनं श्वास घेतला आणि एकेक वाक्य जुळवून सांगितलं. तो वाचायचा आणि तिला समजावून सांगायचा, ती लिहायची. पत्रं तो लिहायचा, म्हणून नाव त्याचं. पहिल्या पुस्तकावर त्याचं नाव छापून आलं तेव्हा ती दोघं हसली होती, पुढच्या वेळी बदलू म्हणाली होती, आणि मग एकतीस पुस्तकं झाली. दोन महिन्यांपूर्वी तो गेला. आंघोळीला म्हणून गेला, तो बाहेर आला नाही. पाणमांजराचं पुस्तक टेबलावर उघडं होतं.

"मग तुम्ही कळवलं का नाहीत?"

"कळवलं असतं तर तुम्ही पुस्तक परत मागितलं असतं. बाई, इंग्रजी नाही, कशाला ठेवाल? म्हणून आधी त्याला थांबवलं." इथे बाई किंचित हसली असावी. "त्याचा राजीनामा मी दिला. मग माझा अर्ज मी केला. एक पान करायला मला तीन दिवस लागले. डिक्शनरी घेऊन. डिक्शनरी त्याच्यासारखी नाही. सगळे अर्थ एकदम सांगते."

तिनं सांत्वनाचे चार शब्द बोलायला हवे होते. ते तिला तोंडपाठ होते. पण तिच्या मनात तो स्वेटर घातलेला उंच माणूस अर्धा झाला, आणि उरलेल्या अर्ध्या जागी कोण उभं आहे हे तिला दिसेना, आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं, "हवामान कसं आहे तिकडे?" बाईनं खिडकीकडे जाऊन बघितलं असावं. पावलं ऐकू आली. "ढग," ती म्हणाली.

छोटे साहेबांना वाटलं ताईंना बरं नाही. "तिला इंग्रजी येत नाही, आणि आपण तिच्याकडून इंग्रजीचं भाषांतर करून घ्यायचं? गंमत करता का? एकोणतीस नंबरमध्ये काय वाईट आहे?"

"काही वाईट नाही."

"मग?"

"मग काही नाही. काही वाईट नाही, एवढंच आहे त्यात."

"ताई, तिकडचा प्रकाशक प्रमाणपत्र मागतो. भाषांतरकाराला दोन्ही भाषा उत्तम अवगत आहेत, असं आपण लिहून देतो. उद्या काही निघालं तर?"

"मी सही करते," ती म्हणाली. असं म्हणताना तिला शूर वगैरे काही वाटलं नाही. तिला फक्त इतकंच वाटलं की आता पुन्हा कुणाला तरी शोधायचं, त्याला समजावायचं, त्याच्या सवयी लावून घ्यायच्या, हे आपल्याच्यानं होणार नाही. आणि जे आपल्याच्यानं होणार नाही ते करायचं नाही, एवढा हक्क एकोणतीस वर्षांच्या नोकरीनंतर माणसाला असावा. छोटे साहेबांनी छापील कागद पुढे सरकवला. दोन भाषांसाठी दोन चौकोन होते. तिनं दोन्हींत खूण केली. दुसऱ्या चौकोनात पेन जरा जास्तच दाबलं गेलं. "काही झालं तर माझ्याकडे यायचं नाही हां," ते म्हणाले, आणि लगेच वाईट वाटून, "चहा सांगू का?" असंही म्हणाले.

मग रोज दुपारी त्या मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत काम सुरू झालं. ती इंग्रजी वाक्य वाचायची, मग तेच लहान शब्दांत फोडून सांगायची. बाई ऐकायची, ऐकलेलं स्वतःच्या मोडक्या इंग्रजीत परत सांगायची, चुकली तर ही पुन्हा सांगायची, आणि मग पलीकडे पेन्सिलीचा आवाज यायचा. दिवसाला दोन पानं. पहिल्या दिवशी बाई म्हणाली, "तुम्ही फार सांगता. तो कमी सांगायचा." दुसऱ्या दिवशी ती कमी सांगू लागली तर बाई म्हणाली, "आता रागावलात का?" तिला घाम यायचा. आयुष्यभर तिनं वाक्यं इकडून तिकडे पोचवली होती, पाकीटबंद, आत काय आहे हे न बघता. आता प्रत्येक वाक्य उघडून आत हात घालावा लागत होता. नदी 'वाढली' म्हणजे उंच झाली की रुंद? पिल्लू 'गप्प राहिलं' म्हणजे बोललं नाही की बोलायचं टाळलं? ती सांगायची, आणि सांगितल्यावर आपल्यालाच हे आधी माहीत नव्हतं असं तिच्या लक्षात यायचं. संध्याकाळी ती घरी जायची ती अंगात ताप असल्यासारखी. भाजी चिरताना थांबायची. चिरणं आणि कापणं यात फरक काय, हे तिला कुणी विचारत असल्यासारखी. पण तो थकवा नेहमीचा नव्हता. नेहमीचा थकवा डोळ्यांत असायचा आणि कुठून आला ते सांगता यायचं नाही. हा पायरी चढल्यासारखा होता, कुठे दुखतंय ते दाखवता येत होतं.

दहाव्या दिवशी एकोणिसावं पान आलं. चित्रात पिल्लू नदीकाठी दगडावर बसलंय, आई त्याच्या शेजारी, दोघांची पाठ आपल्याकडे. मजकूर एकच ओळ. आई म्हणते, बाबा आता घरी येणार नाहीत. तिनं इंग्रजी वाक्य वाचलं आणि पेन्सिलीच्या आवाजाची वाट पाहू लागली. इतकं सोपं वाक्य आख्ख्या पुस्तकात नव्हतं. पेन्सिल चालली नाही.

"येणार नाहीत," बाई म्हणाली. "कसं?"

"कसं म्हणजे? येणार नाहीत."

"आमच्याकडे दोन. एक आन. एक मोत्. आन म्हणजे येत नाही, त्याला यायचं नाही. मोत् म्हणजे येत नाही, त्याला येता येत नाही. दोन्ही एका अक्षराचे. एक लिहावंच लागतं. कुठलं?"

इंग्रजी वाक्य समोर होतं, त्यात दोन्ही मावत होते. घरच्या भाषेतही मावत होते. येणार नाहीत. तिनं हेच तीन शब्द, 'बाबा येणार नाहीत', एकदा मोठ्यानं म्हटले होते, स्वयंपाकघराच्या उंबरठ्यात उभी राहून, एकवीस वर्षांपूर्वी. मुलगा सात वर्षांचा होता. तो जमिनीवर बसून बुटांना पॉलिश करत होता, वडिलांनी शिकवलं होतं तसं, आधी जुन्या ब्रशनं माती झाडून. त्यानं विचारलं होतं, बाबा कधी येणार. नवरा दोन सुटकेसी घेऊन गेला त्याला तेव्हा चार दिवस झाले होते, आणि तो कुठे गेलाय, कुणाकडे गेलाय, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती म्हणाली, बाबा येणार नाहीत. मुलानं मान खाली घातली आणि दुसरा बूट घेतला. त्यानं यातला कुठला अर्थ घेतला हे तिनं विचारलं नाही. सहा महिन्यांनी त्याच्या वर्गशिक्षिकेनं तिला बोलावून घेतलं. बाईंचे डोळे भरलेले होते. फार समजूतदार आहे हो तुमचा मुलगा, बाबांना जाऊन इतकेच दिवस झाले, पण कधी कुणाला त्रास देत नाही. कधी झालं? तिला तेव्हा कळलं की मुलानं वर्गात काय सांगितलंय. कळायला एक क्षण पुरला. आणि ती म्हणाली, सहा महिने झाले. हे खोटं नव्हतं. सहा महिने झालेच होते. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिनं तो ठेवू दिला. त्या हाताची ऊब तिला घरी पोचेपर्यंत जाणवत राहिली, कारण तोवर तिच्या खांद्यावर कुणी हात ठेवला नव्हता. सोडून गेलेल्या माणसाच्या बायकोच्या खांद्यावर कुणी ठेवत नाही. पुढच्या वर्षी एका दुपारी नवरा शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला, हातात खाऊचा पुडा घेऊन. अख्ख्या वर्गानं बघितलं. मुलं महिनाभर त्याला काय काय म्हणाली हे तिला कधी पूर्ण कळलं नाही; शाळा बदलली. त्या दिवशी घरी आल्यावर मुलगा एवढंच म्हणाला होता, "बाबा आले होते," आणि तिच्याकडे असं बघितलं होतं की तिनं गॅस मोठा केला, उगाच.

"हॅलो?" फोनवरची बाई म्हणाली. "आहात?"

"आहे. पुस्तकात मोत्," ती म्हणाली. "त्याला यायचं आहे. येता येत नाही."

पेन्सिल चालली. मग थांबली. "माझाही मोत्," बाई म्हणाली, जशी कुणी घरातलं माणूस ओळख करून देताना सांगावं तशी. आणि मग, कदाचित केवळ बरोबरीला काही विचारावं म्हणून, "तुमचा नवरा?"

एकवीस वर्षांत हे तिनं कुठल्याही भाषेत सांगितलेलं नव्हतं. वेगळे झालो, असं ती म्हणायची. ते तिकडे असतात, असं म्हणायची. आता तिला एक परकं अक्षर मिळालं होतं, आणि त्याला काही चिकटलेलं नव्हतं.

"आन," ती म्हणाली.

"हं," बाई म्हणाली. मग, "उद्या वीस नंबर करू. आज तुमचा आवाज दमला."

फोन ठेवून ती त्याच खुर्चीत बसून राहिली. खुर्चीचा एक पाय आखूड होता. ती जरा हलली की खुर्ची ठक्क करायची. भर दुपार होती, वार बुधवार होता. बुधवारी ती कधी मुलाला फोन करत नसे. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला आणि घाबऱ्या आवाजात म्हणाला, "काय झालं? पडलीस का?"

"नाही रे. बरी आहे. बोलायला वेळ आहे का?"

"आई, मी ऑफिसात आहे. पाच मिनिटांत मीटिंग आहे. बोल."

पाच मिनिटांत कसं सांगायचं असतं ते तिला आता जमू लागलं होतं. लहान शब्द, एका वेळी एक. "तू सातचा होतास तेव्हा मी म्हणाले होते, बाबा येणार नाहीत. तुला वाटलं ते वारले."

पलीकडे कुणाच्या तरी हसण्याचा, कपबशांचा आवाज होता. तो बहुधा चालत एका बाजूला गेला, कारण आवाज विरले. "हो," तो म्हणाला.

"तुझ्या बाईंनी मला बोलावलं होतं. तेव्हा मला कळलं होतं, तू काय समजलायस. मी काही बोलले नाही. तुला नाही, बाईंनाही नाही. तसंच राहू दिलं."

"मला माहितीये."

"कसं?"

"बाई मला म्हणाल्या होत्या, तुझ्या आईशी बोललेय मी. मग मला वाटलं, आई हो म्हणाली म्हणजे नक्की. ते वर्ष तसं बरं होतं, आई. खोटं नाही सांगत. सगळे चांगलं वागायचे. मी रात्री त्यांच्याशी बोलायचो, वर बघून. नंतरचं सगळं वाईट होतं."

तिनं कपाळ भिंतीला टेकवलं. भिंत गार होती. "मला वाटलं, खरं कळलं तर तू रोज दारात बसशील. ते येऊ शकतात, म्हणजे आज येतील, उद्या येतील. मला तुला तसं बसलेलं बघवलं नसतं."

"बसलोच असतो," तो म्हणाला. "रोज बसलो असतो."

"म्हणूनच रे."

"पण बसू द्यायचं होतंस." त्याचा आवाज चढला नव्हता. रविवारी गॅस आला का असं विचारायचा तोच आवाज, फक्त त्याच्यावरची घडी मोडलेली. "बसून बसून कंटाळलो असतो एक दिवस. आपला आपण उठलो असतो."

तिनं म्हटलं, "हो." ते त्याला ऐकू गेलं की नाही ते तिला कळलं नाही. त्याच्यामागे कुणीतरी दार उघडून त्याला हाक मारली, सगळे आलेत म्हणून. "आलो," तो त्या माणसाला म्हणाला. दार बंद झाल्याचा आवाज आला. आणि तो तसाच फोन कानाला धरून उभा राहिला. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता.